औषधसातत्याचा प्रश्न : महाराष्ट्रातील दीर्घमुदतीच्या उपचारांचा इतिहास (मराठवाड्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय १९५६ मध्ये सुरू झाले. 'घाटी' या नावाने ते सर्वसामान्यांना परिचित आहे. तेथील बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या रुग्णांमध्ये जुनाट आजाराच्या रुग्णांचा मोठा भरणा असतो. क्षय, मधुमेह, उच्च रक्तदाब, दमा, अपस्मार यांसारख्या आजारांत रुग्णाला खाटेवर दाखल करून घेण्याची गरज क्वचितच पडते. केसपेपर काढणे, तपासणी करून घेणे, खिडकीवरून गोळ्या घेणे आणि गावी परतणे, एवढाच त्याचा रुग्णालयाशी संबंध येतो. उपचाराचा उर्वरित व अधिक महत्त्वाचा भाग घरी, शेतावर किंवा कामाच्या ठिकाणी पार पडतो. तेथे डॉक्टर नसतो, परिचारिका नसते आणि नोंदवहीही नसते.

डॉक्टरने सांगितलेले औषध सांगितलेल्या मात्रेत, ठरल्या वेळी व ठरल्या मुदतीपर्यंत घेत राहणे, यास प्रस्तुत निबंधात 'औषधसातत्य' असे म्हटले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये या विषयावर एक विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. दीर्घकालीन उपचारांत औषधसातत्याचे प्रमाण विकसित देशांतही सरासरी ५० टक्क्यांच्या आसपासच असते, असे त्या अहवालाने नमूद केले. म्हणजेच हा प्रश्न केवळ अशिक्षितांचा वा गरिबांचा नाही. तथापि महाराष्ट्रात त्याची चर्चा प्रामुख्याने 'रुग्ण औषध मध्येच सोडतात' या एका वाक्याभोवतीच फिरत राहिली आहे.

मराठीतील वैद्यकीय इतिहासलेखनात साथींचा, संस्थांचा व समाजसेवकांचा इतिहास विपुल आहे. रोज गोळी घेण्यासारख्या घरगुती कृतीला मात्र त्यात फारसे स्थान मिळालेले नाही. प्रस्तुत निबंधात कुष्ठरोग व क्षयरोग या दोन आजारांच्या उपचारांचा इतिहास प्रामुख्याने तपासला आहे. औषधसातत्याची जबाबदारी कोणत्या काळात कोणावर टाकली गेली, आणि त्या वाटपाचा मराठवाड्यातील कष्टकरी रुग्णावर काय परिणाम झाला, याचा शोध घेणे हा या निबंधाचा हेतू आहे.

१. परंपरेतील कल्पना : चार पाद आणि पथ्य

औषध नियमाने घेण्याची अपेक्षा आधुनिक वैद्यकाबरोबर आली, असे मानणे योग्य ठरणार नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रुग्ण. प्रत्येक पादाचे चार गुण दिले आहेत. रुग्णाच्या गुणांत स्मरणशक्ती, वैद्याच्या सूचनेप्रमाणे वागणे, निर्भयता आणि आपला आजार नीट सांगता येणे यांचा समावेश होतो. आजच्या परिभाषेत ज्याला औषधसातत्य म्हणावे, ते यातील दुसऱ्या गुणात आले आहे.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, हा गुण सोळा गुणांपैकी केवळ एक आहे. औषधद्रव्याच्या गुणांतील पहिला गुण विपुलतेचा आहे. म्हणजे औषध पुरेसे उपलब्ध असले पाहिजे. परिचारकाच्या गुणांत शुश्रूषेचे ज्ञान व रुग्णाविषयीचा जिव्हाळा यांची अपेक्षा केली आहे. वैद्याकडून ज्ञानाबरोबर अनुभव व दक्षता अपेक्षित आहे. उपचार सिद्धीस जाण्यासाठी चारही पाद सुस्थितीत असावे लागतात, असा या मांडणीचा आशय आहे.

मराठी घरात रूढ असलेली 'पथ्यपाणी' ही कल्पनाही याच दिशेने जाते. पथ्य एकट्या रुग्णाचे असले तरी ते सांभाळते सारे घर. स्वयंपाक करणारी व्यक्ती, औषध उगाळून देणारी आजी, वेळेची आठवण करून देणारे मूल, असे अनेक हात त्यात गुंतलेले असतात. अर्थात, जुनी पद्धती आदर्श होती असा याचा अर्थ नाही. वैद्य सर्वांना परवडत नव्हता आणि अनेक आजारांवर खात्रीचे औषधही नव्हते. मात्र जबाबदारी विभागलेली असते हे तत्त्व त्या परंपरेत स्पष्ट होते. विसाव्या शतकातील आरोग्य कार्यक्रमांच्या मूल्यमापनासाठी ते उपयोगी पडते.

२. कडूकवठाच्या तेलापासून डॅप्सोनपर्यंत : वर्ध्याचा अनुभव

महाराष्ट्रात दीर्घमुदतीच्या बाह्योपचारांचा पहिला मोठा प्रयोग कुष्ठरोगाच्या क्षेत्रात झाला. १८९८ च्या कायद्याने निराधार कुष्ठरुग्णांना इतरांपासून दूर ठेवण्याची तरतूद केली होती. २०१६ मध्ये संसदेने निरसन करीपर्यंत तो कायदा औपचारिकरीत्या अस्तित्वात होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उपचार म्हणून कडूकवठाच्या तेलाची इंजेक्शने दिली जात. ती वेदनादायक होती आणि वर्षानुवर्षे घ्यावी लागत. अशा परिस्थितीत मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठधाम सुरू केले. पुढे १९४९ मध्ये बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समितीची स्थापना केली व वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले. या संस्थांनी समाजाने टाकलेल्या माणसांना आश्रय, काम व प्रतिष्ठा दिली.

१९४० च्या दशकात डॅप्सोन हे औषध उपलब्ध झाल्यावर चित्र पालटले. औषध स्वस्त होते आणि गोळीच्या रूपात घेता येत होते. त्यामुळे रुग्णाला घर सोडण्याची गरज उरली नाही. १९५१ मध्ये वर्धा येथे गांधी स्मारक कुष्ठरोग निवारण प्रतिष्ठान स्थापन झाले. डॉ. आर. व्ही. वार्देकर यांच्या मार्गदर्शनाखाली या संस्थेने सर्वेक्षण, शिक्षण व उपचार या त्रिसूत्रीवर आधारित पद्धती विकसित केली. प्रशिक्षित कार्यकर्त्याने गावोगावी जाऊन घरातील प्रत्येकाची तपासणी करावी, लोकांना रोगाची माहिती द्यावी आणि रुग्णाला त्याच्या गावाजवळच औषध पोहोचवावे, असे तिचे स्वरूप होते. १९५५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने हीच दिशा स्वीकारली.

या पद्धतीत संस्था रुग्णाकडे जात होती. तरीही औषधसातत्याचा प्रश्न सुटला नाही. डॅप्सोन काही वर्षे, तर तीव्र प्रकारच्या रोगात आयुष्यभर घ्यावे लागे. कुष्ठरोगाच्या चट्ट्याला संवेदना नसते, त्यामुळे तो दुखत नाही. जे दुखत नाही त्यासाठी रोज गोळी घेण्याची प्रेरणा टिकणे कठीण असते. शिवाय नियमित औषध घेणे म्हणजे आपला रोग गावासमोर नियमितपणे जाहीर करणे होते. सोयरीक मोडण्याची, पंक्तीतून उठवले जाण्याची भीती ज्याच्या मनात आहे, त्याने कार्यकर्त्याला दारात येऊ न देणे हे अज्ञानाचे लक्षण म्हणता येणार नाही.

१९६४ मध्ये मलेशियातील संशोधनाने डॅप्सोनला दाद न देणारे जंतू निर्माण होत असल्याचे सिद्ध केले. एकच औषध अपुऱ्या मात्रेत व खंडित स्वरूपात दीर्घकाळ घेतल्याचा तो परिणाम होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९८१ मध्ये बहुऔषधी उपचारांची शिफारस केली. हे उपचार ज्या जिल्ह्यांत प्रथम सुरू झाले त्यांत वर्ध्याचा समावेश होता. नव्या पद्धतीत उपचारांची मुदत निश्चित झाली. सौम्य प्रकारासाठी ती ६ महिने होती. तीव्र प्रकारासाठी आरंभी किमान २४ महिने होती व पुढे १२ महिन्यांवर आली. महिन्याभराच्या गोळ्या एकाच पाकिटात, दिवसांच्या क्रमाने लावून मिळू लागल्या. महिन्यातून एकदा कार्यकर्त्यासमोर औषध घ्यायचे आणि उरलेले घरी, अशी विभागणी झाली.

येथे सातत्य वाढण्यास रुग्णाच्या स्वभावातील बदल कारणीभूत झाला नाही. मुदत आवाक्यात आली आणि औषध समजण्यास सोपे झाले. उपचाराची रचना माणसाच्या आयुष्याला जुळवून घेऊ लागली की सातत्य वाढते, हा वर्ध्याच्या अनुभवाचा बोध होय.

३. मद्रासचा प्रयोग आणि 'बुडव्या' रुग्णाचा जन्म

महाराष्ट्रातील क्षयरोगोपचारांचे स्वरूप पुढील काळात राष्ट्रीय कार्यक्रमाने ठरवले, आणि त्या कार्यक्रमाचा शास्त्रीय पाया मद्रास येथे घातला गेला. म्हणून त्या प्रयोगाचा विचार येथे आवश्यक ठरतो. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, त्यानंतर पॅस आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिड ही औषधे उपलब्ध झाली. तोपर्यंत क्षयावर आरोग्यधामातील विश्रांती, सकस आहार व मोकळी हवा हाच उपाय मानला जात असे. देशातील रुग्णसंख्येच्या तुलनेत खाटांची संख्या नगण्य होती.

१९५६ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या सहकार्याने मद्रास येथे क्षयरोग औषधोपचार केंद्र स्थापन झाले. दाटीच्या वस्तीत, अपुऱ्या आहारावर, घरीच राहून औषध घेणाऱ्या रुग्णांची तुलना आरोग्यधामातील रुग्णांशी करण्यात आली. दोन्ही गटांत रोग बरा होण्याचे प्रमाण जवळपास सारखे आढळले. घरातील इतरांना होणारा संसर्गही वाढला नाही. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनी जगभरातील क्षयोपचारांची दिशा बदलली.

परंतु याच केंद्राला एक नवी चिंता भेडसावू लागली. घरी दिलेले औषध रुग्ण खरोखर घेतो का? केंद्राचे प्रमुख डॉ. वॉलेस फॉक्स यांनी १९५८ मध्येच या प्रश्नावर लेखन केले. अचानक घरी जाऊन उरलेल्या गोळ्या मोजणे व लघवीच्या तपासणीतून औषधाचा अंश शोधणे, असे उपाय योजले गेले. १९६४ मध्ये याच केंद्राने आठवड्यातून दोनदा, देखरेखीखाली औषध देण्याच्या पद्धतीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे जगभर गेलेल्या देखरेखीच्या उपचारांचे बीज येथे आढळते.

मद्रासच्या यशामागील एक घटक राष्ट्रीय कार्यक्रमात उतरला नाही. त्या प्रयोगात रुग्णाच्या घरी जाणारे कर्मचारी होते, औषधांचा अखंड पुरवठा होता आणि रुग्ण केंद्राच्या आसपास राहणारे होते. १९६२ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा 'घरी राहून औषध' ही कल्पना स्वीकारली गेली. पण तिला आधार देणारी माणसे व साधने त्या प्रमाणात आली नाहीत. रुग्णाने दरमहा केंद्रावर येऊन औषध न्यावे, न आल्यास त्याला पत्र पाठवावे व नंतर घरभेट द्यावी, असा नियम झाला. ठरल्या दिवशी न येणाऱ्यासाठी 'डिफॉल्टर' हा शब्द रूढ झाला. मराठीत कर्ज न फेडणाऱ्याला 'बुडवा' म्हणतात. नेमकी तीच छटा या शब्दात आहे. उपचार हे सरकारने दिलेले कर्ज, आणि ते न फेडणारा रुग्ण अपराधी, असा भाव नोंदवहीत शिरला.

या धारणेला छेद देणारा पुरावा त्याच काळात उपलब्ध होता, हे विशेष. बंगळुरूच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतील डी. बॅनर्जी व स्टिग अँडरसन यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रामीण भागातील अभ्यासात, क्षयाची लक्षणे असलेल्या बहुसंख्य लोकांना आपल्या आजाराची जाणीव असल्याचे दिसून आले. निम्म्याहून अधिक रुग्ण उपचारासाठी आरोग्यकेंद्रापर्यंत पोहोचलेही होते. तेथून त्यांतील बहुतेकांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठवण्यात आले होते. रुग्ण व्यवस्थेकडे येत होता आणि व्यवस्था त्याला ओळखत नव्हती.

४. मराठवाडा : अंतर, हंगाम आणि खाडा

या पार्श्वभूमीवर मराठवाड्याचा विचार केला असता प्रश्नाचे स्थानिक रूप स्पष्ट होते. हा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा भाग झाला. संस्थानी काळातील आरोग्यसेवेचा केंद्रबिंदू हैदराबाद शहर होते. १९५६ नंतर जवळपास दोन दशके औरंगाबादचे महाविद्यालय हे या प्रदेशातील एकमेव वैद्यकीय महाविद्यालय होते. अंबाजोगाई येथील महाविद्यालय १९७० च्या दशकाच्या मध्यावर, नांदेडचे १९८० च्या दशकाच्या अखेरीस, तर लातूरचे २००२ मध्ये सुरू झाले. औरंगाबाद शहरात १९८९–९० च्या सुमारास डॉ. हेडगेवार रुग्णालय, कमलनयन बजाज रुग्णालय व महात्मा गांधी मिशनचे वैद्यकीय महाविद्यालय या बिगरसरकारी संस्था उभ्या राहिल्या.

या तारखांवरून अंतराची कल्पना येते. मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरील गावांना निदान रेल्वेचा आधार होता. बीडसारखे जिल्ह्याचे ठिकाण मात्र दीर्घकाळ रेल्वेपासून वंचित राहिले. दूरच्या रुग्णाला विशेषोपचारासाठी 'घाटी'त येणे म्हणजे एक दिवस प्रवासात, एक दिवस रांगेत आणि एक परतीत घालवणे होते. सोबतच्या माणसाची मजुरीही बुडे. औषध मोफत असले तरी औषधापर्यंत पोहोचणे मोफत नव्हते.

अंतराइतकाच दुसरा घटक हंगामाचा आहे. मराठवाड्यातील बीड, जालना व छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांच्या कोरडवाहू पट्ट्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांचे तांडे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुकादमाकडून घेतलेली उचल जोडप्याने, म्हणजे एका 'कोयत्या'ने, हंगामभर तोड करून फेडायची असते. हा हंगाम साधारण पाच ते सहा महिन्यांचा असतो. क्षयाच्या आधुनिक उपचारांची किमान मुदतही सहा महिन्यांचीच आहे. दोन्ही मुदती अशा एकमेकींवर येतात. गावच्या केंद्रात नोंद झालेला रुग्ण पुढील मात्रेच्या दिवशी परजिल्ह्यातील उसाच्या फडात असतो.

या संदर्भात 'खाडा' या मराठी शब्दाचा उल्लेख करणे उचित ठरेल. औषध घेण्यात पडलेल्या खंडास बोलीत खाडा म्हणतात. ऊसतोडीत कामावर न गेलेल्या दिवसासही खाडाच म्हणतात, आणि त्यासाठी मजुरी बुडण्याबरोबर मुकादम वेगळा दंडही लावतो. दवाखान्यात जाण्यासाठी कामाचा खाडा केला तर पैशाचा दंड, आणि कामावर गेले तर औषधाचा खाडा, अशी ही कोंडी आहे. या कोंडीत रुग्णाने घेतलेला निर्णय कार्यक्रमाच्या नोंदवहीत केवळ 'उपचार सोडले' एवढ्याच शब्दांत उमटतो. त्यामागील उचल, मुकादम व दंड यांच्यासाठी नोंदवहीत रकाना नसतो.

५. डॉक्टरांचे असातत्य : मुंबईतील अभ्यास

औषधसातत्याच्या चर्चेत डॉक्टरने लिहून दिलेले औषध योग्यच असते, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक तपासण्याचे काम महाराष्ट्रातच झाले. डॉ. नो. ह. अंतिया यांनी १९७५ मध्ये स्थापन केलेल्या फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ या संस्थेतर्फे डॉ. मुकुंद उपळेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील झोपडपट्ट्यांमध्ये व्यवसाय करणाऱ्या खासगी डॉक्टरांचा अभ्यास केला. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, शंभर डॉक्टरांनी क्षयरोगासाठी औषधांच्या तब्बल ८० निरनिराळ्या योजना लिहून दिल्या होत्या. सुमारे दोन दशकांनी, २०१० मध्ये, डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतच असाच अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात १०६ डॉक्टरांकडून ६३ प्रकारच्या योजना मिळाल्या आणि केवळ ६ डॉक्टरांची योजना बरोबर होती.

हे आकडे औषधसातत्याच्या रूढ व्याख्येलाच आव्हान देतात. चुकीची योजना जो रुग्ण तंतोतंत पाळतो, तो व्याख्येनुसार सातत्य राखणारा ठरतो. तरीही त्याचा रोग बळावतो आणि औषधांना दाद न देणारे जंतू त्याच्या शरीरात वाढतात. पैसे संपल्यामुळे खासगी उपचार सोडून सरकारी केंद्राकडे येणारा रुग्ण हा एका अर्थाने दोन व्यवस्थांमधील फटीत सापडलेला असतो. २०१२ मध्ये क्षयरुग्णाची नोंद कळवणे खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक झाले, आणि २०१४ पासून क्षयाच्या औषधांच्या किरकोळ विक्रीवर अधिक कडक नियम लागू झाले. सरकारी व खासगी व्यवस्थेतील दरी कमी करण्याच्या दिशेने ही उशिरा उचललेली पावले होती.

६. देखरेखीचा कालखंड : डॉट्स ते निक्षय

१९९२ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचा आढावा घेण्यात आला. उपचार सुरू केलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहूनही कमी रुग्ण ते पूर्ण करतात, हे त्यातून पुढे आले. १९९७ पासून सुधारित कार्यक्रम व 'डॉट्स' पद्धती लागू झाली आणि मार्च २००६ पर्यंत तिने संपूर्ण देश व्यापला. रुग्णाने आठवड्यातून तीनदा कार्यकर्त्यासमोर गोळ्या घ्याव्यात, हे तिचे प्रमुख अंग होते.

या पद्धतीचे मूल्यमापन करताना तिच्या दोन बाजू वेगळ्या करणे आवश्यक आहे. पहिली बाजू औषधांच्या डब्याची आहे. प्रत्येक रुग्णाच्या नावाने संपूर्ण उपचारांचा लाल किंवा निळा डबा बाजूला काढून ठेवला जाई. औषध मध्येच संपणार नाही, याची ती शासनाने दिलेली हमी होती. चरकाने औषधद्रव्याच्या ठिकाणी अपेक्षिलेली विपुलता येथे प्रथमच प्रत्येक गरीब रुग्णाच्या वाट्याला आली. या हमीचे श्रेय कार्यक्रमाला दिलेच पाहिजे.

दुसरी बाजू देखरेखीची. अंगणवाडी सेविका, २००५ नंतर आशा कार्यकर्ती, एखादा दुकानदार किंवा शिक्षक हे औषध देणारे झाले. जेथे हे नाते विश्वासाचे होते, तेथे त्यांनी जुन्या चौकटीतील परिचारकाची उणीव भरून काढली. जेथे ते केवळ हजेरीपुरते राहिले, तेथे आठवड्यातून तीनदा कामाच्या वेळेत केंद्र गाठणे रोजंदारीवरील माणसाला जड गेले. गावच्या ओळखीच्या व्यक्तीसमोर क्षयाच्या गोळ्या घेण्यास अविवाहित मुली कचरत असत, तर रोग सासरी कळण्याची भीती नवविवाहितेला वाटे.

आठवड्यातून तीनदा औषध देण्याची पद्धत देखरेखीच्या सोयीसाठी स्वीकारली होती. पुढे ती मागे पडली आणि दररोज औषध देण्याची पद्धती आली. या बदलासाठी प्रथम निवडलेल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता, व २०१७ च्या अखेरीस तो देशभर लागू झाला. औषध दररोज घरी घ्यायचे झाल्यावर देखरेखीचे साधनही बदलले. गोळ्यांच्या पाकिटावरील आवरणाखाली दडलेला दूरध्वनी क्रमांक गोळी काढल्यावर दिसतो आणि रुग्णाने त्यावर मोफत फोन लावायचा, अशी '९९डॉट्स' नावाची पद्धती आली. निक्षय या संगणकीय नोंदप्रणालीमुळे (२०१२) एका जिल्ह्यातील रुग्णाची नोंद दुसऱ्या जिल्ह्यात पाहणे शक्य झाले. स्थलांतरित ऊसतोड कामगारांच्या दृष्टीने ही सोय मोलाची आहे. मात्र मोबाइल एकच आणि तोही पतीजवळ, अशा कुटुंबात स्त्रीरुग्णाच्या सातत्याचे मोजमाप फोनवरून कितपत होईल, हा प्रश्न राहतोच.

एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत रुग्णास दरमहा ५०० रुपये देण्यात येऊ लागले आणि नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० रुपये करण्यात आली. रिकाम्या पोटी क्षयाच्या गोळ्या सोसत नाहीत, हे रुग्ण फार पूर्वीपासून सांगत आले होते. शासनाने ते म्हणणे मान्य केल्याची ही खूण मानता येईल. परिभाषाही बदलली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये 'डिफॉल्टर' हा शब्द काढून 'पाठपुराव्यातून सुटलेला रुग्ण' असा शब्दप्रयोग स्वीकारला. पाठपुरावा करणे हे व्यवस्थेचे काम असते, हे या बदलात अभिप्रेत आहे.

तथापि व्यवस्थेचा स्वतःचा खाडा मोजण्याचे साधन अद्याप निर्माण झालेले नाही. मार्च २०२४ मध्ये क्षयाच्या औषधांचा पुरवठा विस्कळीत झाला, तेव्हा केंद्र शासनाने राज्यांना स्थानिक पातळीवर औषधे खरेदी करण्याची सूचना केली. रुग्णाने एक महिना औषध चुकवल्यास त्याच्या नावापुढे शेरा लिहिला जातो. औषधच न मिळाल्याने खंड पडला, तर तो शेरा कोणाच्या नावापुढे लिहायचा, याचे उत्तर नोंदवहीत नाही.

७. आजन्म औषध : नव्या काळातील बाह्यरुग्ण

क्षय व कुष्ठरोगाच्या उपचारांना निदान शेवट असतो. मधुमेह, उच्च रक्तदाब व एचआयव्ही यांच्या उपचारांना तो नाही. भारतात एचआयव्हीची मोफत औषधे १ एप्रिल २००४ पासून निवडक शासकीय रुग्णालयांत सुरू झाली व त्यांत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाचा समावेश होता. या कार्यक्रमाने औषध सुरू करण्यापूर्वी समुपदेशन आवश्यक मानले आणि रुग्णांच्या संघटनांना सोबत घेतले. औषध का घ्यायचे हे रुग्णाला बसवून समजावून सांगण्यासाठी पगारी माणूस नेमणे, ही बाह्यरुग्ण विभागाच्या इतिहासातील महत्त्वाची घटना होय.

रक्तदाब व मधुमेहाच्या रुग्णाला मात्र ही सोय क्वचितच लाभली. या रुग्णाचे काही दुखत नाही, म्हणून त्याची स्थिती डॅप्सोन घेणाऱ्या कुष्ठरुग्णासारखी असते. थोड्या दिवसांच्या गोळ्या द्यायच्या आणि पुन्हा रांगेत बोलवायचे, ही पद्धत अल्पकालीन आजारासाठी ठीक असली तरी आयुष्यभराच्या आजाराला ती जुळत नाही. २०१८ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांच्या काही जिल्ह्यांत भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. मोजक्याच औषधांची एकसारखी योजना, एका वेळी महिनाभराच्या गोळ्या आणि गावाजवळच्या केंद्रातून पुनर्पुरवठा ही त्याची सूत्रे आहेत. वर्ध्याच्या कुष्ठरोग कार्यातून जे शिकायला मिळाले होते, तेच सुमारे चार दशकांनी दुसऱ्या आजारासाठी नव्याने मांडले गेले.

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांतील उपचार निःशुल्क करण्यात आले. तो निर्णय त्या विभागापुरता होता. 'घाटी'सारखी रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत येतात. रुग्णाच्या दृष्टीने मात्र दोन्ही सरकारी दवाखानेच असतात. एका खिडकीवर जे मोफत मिळते ते दुसऱ्या खिडकीवर का मिळत नाही, हे प्रशासकीय विभागणीने त्याला समजावता येत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. औषधसातत्य हा रुग्णाच्या स्वभावाचा गुण मानण्याची प्रथा तुलनेने अलीकडची आहे. परंपरागत विचारात ती वैद्य, औषध, परिचारक व रुग्ण यांची सामायिक जबाबदारी होती.

२. महाराष्ट्रातील कुष्ठरोग व क्षयरोग कार्यक्रमांत जेव्हा उपचारांची मुदत निश्चित झाली, औषध गावाजवळ मिळाले व पुरवठ्याची हमी दिली गेली, तेव्हा सातत्याची वाट सुकर झाली. केवळ देखरेखीला हे यश देणे इतिहासाला धरून होणार नाही.

३. मराठवाड्यात अंतर व हंगामी स्थलांतर ही असातत्याची प्रमुख संरचनात्मक कारणे आहेत. ऊसतोडीचा हंगाम विचारात न घेता आखलेले सहा महिन्यांचे उपचार येथे अर्ध्यावर राहण्याचा धोका मोठा आहे.

४. डॉक्टरांची चुकीची औषधयोजना व शासनाच्या पुरवठ्यातील खंड हेही असातत्याचेच प्रकार आहेत. त्यांची नोंद रुग्णाच्या असातत्याइतक्याच काटेकोरपणे होणे आवश्यक आहे.

या निष्कर्षांचा व्यावहारिक उपयोग जिल्हा पातळीवरही होऊ शकतो. ऊसतोडीला निघणाऱ्या रुग्णाची नोंद दिवाळीपूर्वीच साखर कारखान्याच्या परिसरातील आरोग्यकेंद्राकडे वर्ग करणे, त्याच्यासोबत किमान महिनाभराचे औषध देणे आणि दवाखान्याच्या दिवसाचा खाडा मुकादमाने न धरण्याची जबाबदारी कारखान्याने घेणे, या गोष्टींसाठी नव्या औषधाची वा नव्या शोधाची गरज नाही. महाविद्यालयांच्या समाजशास्त्र, इतिहास व अर्थशास्त्र विभागांनी आपापल्या तालुक्यातील हंगामी स्थलांतर व उपचारखंड यांच्या संबंधाचा अभ्यास हाती घेतल्यास आरोग्ययंत्रणेला तिच्या नोंदवहीत नसलेली माहिती मिळू शकेल. औषध सोडलेल्या रुग्णाला 'का सोडले?' असे विचारण्यापूर्वी त्याला ते कोठे, केव्हा आणि कोणत्या किमतीला मिळत होते, हे तपासण्याची पद्धत रूढ होणे गरजेचे आहे.